तळी आटत आली, माड-पोफळीला पाणी कुठून आणू?

वहाळकाठ
२४ मार्च, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सड्याच्या (वरच्या कातळी पठाराच्या) खाली उतारावर घर. आई-बाबा तिथे असतात, मी डोंबिवलीत. घरामागे १५-१६ गुंठ्यांची बाग, त्यात २८ माड, ६५ पोफळी (सुपारी), जायफळाची ७ झाडं, माडांवर मिरीचे वेल आणि कडेला पाच-सहा हापूस. पाणी सगळं वरच्या तळीचं. ही तळी म्हणजे आजोबांच्या काळातली चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण), घराचे चिरे तिथूनच काढले, मग पावसाचं पाणी साठायला लागलं आणि तिची तळी झाली. लहानपणी मे महिन्यात आम्ही त्यात पोहायचो. आता गेली दोन वर्षं मार्च संपता संपता तळ दिसतो. आज बाबांचा फोन आला, गुडघाभर पाणी उरलंय म्हणे, पंपाच्या फुटवॉल्व्हला चिखल लागतोय.

घराची विहीर आहे पण ती पिण्यापुरती, सकाळी दोन टाक्या भरल्या की दुपारपर्यंत थांबावं लागतं. बागेला तिचं पाणी द्यायला आई तयार नाही आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न असा की बोअर मारावी का? गावात तिघांनी मारली, एकाला लागलं, एकाला धूळ, तिसऱ्याचं मचूळ लागलं (खाडी दीड किलोमीटरवर आहे). टँकरवाला म्हणतो पाणंदीतून गाडी येणार नाही. पाऊस यायला अजून अडीच महिने. काय करू?

---

घाटमाथ्यावरचा
२४ मार्च, रात्री ९.३२

बोअर मारू नका. मारलीत तर आधी पैसे समुद्रात टाकून बघा, तेवढंच दुःख होतंय का ते कळेल.

---

मोसंबीवाला
२४ मार्च, रात्री १०.०५

आम्ही जालन्याकडचे. ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या माणसाने पाण्यासाठी धागा काढलेला बघून उगाच मन भरून आलं. :D

---

पोफळी_५५
२४ मार्च, रात्री १०.२०

@मोसंबीवाला, हसा हसा. आमच्याकडे पाऊस पडतो आणि पळतो. जांभा म्हणजे स्पंज, वरून ओता खालून निघतं. गणपतीत अंगणात झरे फुटतात आणि शिमग्याला कळशी घेऊन खाली उतरायचं, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या करतोय.

---

आकडेमोड
२४ मार्च, रात्री ११.४८

आधी गरज किती ते मांडू. उन्हाळ्यात ठिबकवर माडाला रोज ४० लिटर धरा, पोफळीला २०. म्हणजे २८ माडांचे ११२० आणि ६५ पोफळींचे १३००, झाले साधारण २४०० लिटर रोज. जायफळं पोफळीच्या सावलीत असतील तर त्यातच भागवा. मोठ्या हापूसला पाणी नकोच. आतापासून १० जूनपर्यंत अडीच महिने म्हणजे पावणेदोन लाख लिटरच्या आसपास. १० हजाराचा टँकर आणलात तरी चार दिवस, त्यामुळे पाणंदीने तुमचे पैसे वाचवले असं समजा.

आता घराचं छप्पर १२०० चौरस फूट असेल तर साधारण १११ चौरस मीटर, त्यावर ३ मीटर पाऊस म्हणजे सव्वातीन लाख लिटर. थोडं वाया गेलं धरलं तरी अडीच लाख. म्हणजे नुसत्या कौलांवर बागेच्या उन्हाळ्यापेक्षा जास्त पाणी पडतंय. पडण्याचा प्रश्नच नाहीये, धरण्याचा आहे.

---

वहाळकाठ
२५ मार्च, सकाळी ७.५५

@आकडेमोड बापरे, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. पण आमच्याकडे ठिबक नाहीये, आई पाटाने आळ्यात सोडते. ५ एचपीचा पंप अर्धा तास, एक दिवसाआड.

---

आकडेमोड
२५ मार्च, सकाळी ८.१०

मग २४०० विसरा. मातीच्या पाटात निम्मं पाणी झाडापर्यंत पोचत नसेल. किमान पाईप टाका, साधा काळा पाईप, आळ्यात सोडायचा आणि हाताने बदलायचा. ठिबक नंतर बघू.

---

सुगरण_कोकणात
२५ मार्च, सकाळी ९.००

मोरीचं पाणी कुठे जातं तुमचं? आमच्याकडे न्हाणीघराचं पाणी आधी कर्दळीच्या वाफ्यात, तिथून केळीत, तिथून दोन माडांना. दोन माणसांच्या आंघोळी-भांड्यांचं १००-१५० लिटर सहज होतं, म्हणजे तीन माड. मात्र कपड्यांच्या पावडरीचं पहिलं पाणी बाजूला काढा, आमची एक जायफळाची कलम त्यानेच करपली असा माझा संशय आहे. सासूबाईंच्या मते दृष्ट लागली होती.

---

मोसंबीवाला
२५ मार्च, सकाळी ११.३०

थट्टा केली, आता कामाचं सांगतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या शिवारात मोसंबीच्या बागा अक्षरशः कुऱ्हाडीने तोडून सरपण केल्या लोकांनी. माझ्या चुलत्याची ३५० झाडं गेली, माझी २०० पैकी १४० वाचली. फरक एवढाच की मी फेब्रुवारीतच ठरवलं होतं, यंदा फळ नाही, झाड. सगळी बारकी फळं झोडून टाकली, फांद्या हलक्या केल्या, आळ्यात सोयाबीनचं भुसकट अन् उसाचं पाचट वीतभर जाड अंथरलं, ८ टक्के केओलिनची (पांढऱ्या मातीची भुकटी) फवारणी दोनदा केली (पानं पांढरी दिसतात, लोकं हसतात, हसू द्या), खोडाला चुना. आणि प्रत्येक झाडाशी बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरलं. दर चार दिवसांनी मडकं भरायचं. चुलता मात्र फळं धरून बसला, भाव चांगला होता ना त्या वर्षी.

तुम्ही पण ठरवा आधी, कोणाला वाचवायचं.

---

पोफळी_५५
२५ मार्च, दुपारी १२.१५

+१ मोसंबीवाला. आणि क्रम सांगतो. पहिली पोफळ अन् जायफळ, मग माड. पोफळीला ताण सोसत नाही, शेंडा एकदा खाली आला की संपलं. माड तग धरतो, पण उधारी ठेवतो, यंदाचा ताण दोन-अडीच वर्षांनी नारळात दिसतो, तेव्हा आपण म्हणतो खत कमी पडलं.

आच्छादनाला तुम्हाला भुसकट कशाला हवंय, झावळ्या आहेत, पातेरा (वाळका पाला) आहे, सोडणं (नारळाची सालं) आहेत. माडापासून पाच-सहा फुटांवर चर मारून सोडणं उताणी रचून मातीने बुजवायची, वर्षानुवर्षं पाणी धरतात. खोडाला टेकवून मात्र आच्छादन करू नका, वाळवी वर चढते.

---

काठीवाला
२५ मार्च, दुपारी ३.४०

आमच्या ओळखीचे एक पाणाडी (जमिनीतलं पाणी दाखवणारे) आहेत. पायाळू (पायाकडून जन्मलेले) आहेत. हातावर नारळ आडवा ठेवून चालतात, पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. आमच्या विहिरीची जागा त्यांनीच दाखवली, २८ फुटांवर पाणी. कोणाला पटो न पटो.

---

घाटमाथ्यावरचा
२५ मार्च, दुपारी ३.५२

आमच्याकडे पण आले होते एक. नारळ उभा राहिला, आम्ही ३२० फूट गेलो, नारळ खाऊन टाकला.

---

भूगर्भ
२५ मार्च, सायंकाळी ६.३०

या विषयात थोडं शिकलेय म्हणून लिहिते. पाणाडीचं यश का दिसतं, तर पावसाळी उताराच्या प्रदेशात २५-३० फुटांवर कुठेही खणलं तरी बऱ्याचदा पाणी लागतंच. चुकलेल्या जागांची गोष्ट कोणी सांगत नाही, घाटमाथ्यावरचा यांचा अपवाद. पण जुन्या लोकांचं निरीक्षण म्हणजे थोतांड असंही नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत एक आख्खा अध्याय यावर लिहिलाय, कुठलं झाड, कुठे वारूळ, तर किती खाली पाणी. सगळं खरं नसेल, पण झाडाकडे बघून पाणी ओळखायची दृष्टी त्यात आहे.

आता तुमच्या जागेबद्दल. सड्यावर जांभा, त्यात भोकं आणि भेगा, पाणी सरळ खाली जातं. जांभ्याखाली पिवळी-पांढरी चिकट माती लागते, तिच्यातून पाणी जात नाही. मग ते त्या मातीवरून आडवं सरकत उताराला जिथे ही माती उघडी पडते तिथे झऱ्याने बाहेर येतं. कोकणातल्या बऱ्याच वाड्या याच रेषेवर वसलेल्या आहेत. बोअर या सगळ्याच्या खाली जाऊन काळ्या पाषाणात भेग शोधते. सापडली तर सापडली. ६० मीटरच्या पुढे गेलात तर २००९ च्या भूजल कायद्याने ती 'खोल विहीर' होते आणि त्यावर निर्बंध आहेत. आणि खाडी दीड किलोमीटरवर असताना उपसा जास्त झाला तर गोडं पाणी मचूळ व्हायची भीती. शेजाऱ्याचं झालंच आहे.

माझे दोन प्रश्न. एक, तळी पूर्वी मे महिन्यापर्यंत टिकायची आणि दोन वर्षांपासूनच लवकर आटते, तर दोन वर्षांपूर्वी काय झालं? दोन, रोज किती उतरते?

---

वहाळकाठ
२५ मार्च, रात्री १०.०२

@भूगर्भ, दोन वर्षांपूर्वी आम्ही तळीतला गाळ काढला. जेसीबी आणला होता, तो आलाच आहे तर म्हणून अजून चारेक फूट खोल केली, जास्त पाणी साठेल म्हणून. रोज किती उतरते ते माहीत नाही, पंप चालू असतो ना.

---

भूगर्भ
२५ मार्च, रात्री १०.११

खोल करताना माती कसली निघाली?

---

वहाळकाठ
२५ मार्च, रात्री १०.२५

पिवळी, लोण्यासारखी चिकट. बाबांनी ती पोफळीत पसरली, छान माती आहे म्हणून.

---

घाटमाथ्यावरचा
२५ मार्च, रात्री १०.२७

अरे देवा.

---

मालवणी_खाजा
२५ मार्च, रात्री १०.४०

तळयेचो बूड काढून पोफळीक घातल्यात! पाणी खंय गेला ता आधी बघा, मगे बोअर मारा.

---

भूगर्भ
२५ मार्च, रात्री ११.०५

नक्की म्हणता येणार नाही, पण एक साधी तपासणी करा. पंप २४ तास बंद ठेवा. एक बादली घ्या, तळाशी दगड टाका म्हणजे हलणार नाही, तळीतच उथळ जागी उभी करा, आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीइतकंच पाणी आत भरा. दोन्हीकडे खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढं उन्हाने नेलं, तळीतलं त्याहून जास्त उतरलं तर ते जमिनीने नेलं. गुरं येत असतील तर त्या दिवशी आवरा.

---

पर्थकर
२६ मार्च, पहाटे ५.१५

आमच्याकडे पर्थमध्ये वाळूखाली पाणी, घरोघरी बागेला बोअर. तरी बोअरवाल्यांनाही आठवड्यातून दोनच दिवस पाणी सोडायची परवानगी आणि थंडीत तीन महिने स्प्रिंकलर बंदच. बायको म्हणते, इथे गवताला वेळापत्रक आहे, आपल्या गावाकडे माणसांना नव्हतं.

---

कुळागर
२६ मार्च, सकाळी ९.४५

गोव्यातून. आमच्या कुळागरात (माडापोफळीच्या बागेत) वर तळं, तळ्यातून पाटाने पाणी खाली माडापोफळीत, उतार इतका नेमका की पंप लागतच नाही. पण तळ्याला पाणी कुठून, तर डोंगरातल्या झरीतून, आणि झरीच्या वरची राई आजोबांनी तोडू दिली नाही. शेजारच्यांनी वरच्या बाजूला काजूसाठी रान साफ केलं, त्यांची झर मार्चात बंद पडायला लागली. हे शास्त्र आहे का योगायोग ते भूगर्भताईंनी सांगावं.

शिवाय ओहोळ असेल तर दिवाळीच्या सुमारास सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून बांध घाला. वरच्या विहिरींना महिनाभर तरी फरक पडतो.

---

पोफळी_५५
२६ मार्च, सकाळी १०.३०

वनराई बंधारे म्हणतात आमच्याकडे. आम्ही दर वर्षी घालतो, पहिल्या वर्षी पूर्ण वाडी आली होती श्रमदानाला, मागच्या वर्षी मी, माझा मुलगा आणि एक कुत्रा.

---

वहाळकाठ
२९ मार्च, रात्री ९.५०

बादलीचा निकाल. बाबांनी पट्टीने मोजलं, ते रिटायर्ड मास्तर असल्यामुळे तीनदा मोजलं. बादलीत ५-६ मिलिमीटर उतरलं. तळीत अडीच इंच.

---

आकडेमोड
२९ मार्च, रात्री १०.०८

अडीच इंच म्हणजे ६३ मिलिमीटर, त्यातले ६ उन्हाचे, राहिले ५७. आता पाणी उरलंय तेवढा भाग किती लांब-रुंद?

---

वहाळकाठ
२९ मार्च, रात्री १०.१५

१० बाय ८ मीटर धरा.

---

आकडेमोड
२९ मार्च, रात्री १०.१९

८० चौरस मीटर गुणिले ५७ मिलिमीटर, साडेचार हजार लिटर. रोज. तुमची बाग २४०० पिते, तळी जवळजवळ दुप्पट गळते. आणि आपण मडक्यांवर चर्चा करतोय.

---

मोसंबीवाला
२९ मार्च, रात्री १०.३१

मडक्यांना नावं ठेवू नका ओ.

---

भूगर्भ
२९ मार्च, रात्री ११.००

आता गंमत बघा, ते साडेचार हजार लिटर नाहीसं झालेलं नाही, कुठेतरी बाहेर पडत असणार. तळीच्या खालच्या उताराला चाला. मार्च अखेरीला जिथे विनाकारण हिरवं आहे, अळू, केवडा, नेचे, किंवा माती पायाला गार लागते, तिथे थांबा. सकाळी लवकर जा, दव असताना नको, दव गेल्यावर लगेच.

---

शेततळे_अनुभवी
३० मार्च, सकाळी ८.२०

बोअरऐवजी ५०० मायक्रॉनचा कागद (प्लास्टिकचा) अंथरा तळीत, विषय संपला. माझं शेततळं सहा वर्षं टिकलंय.

---

पोफळी_५५
३० मार्च, सकाळी ८.५०

@शेततळे_अनुभवी, तुमच्याकडे कुर्ल्या नसतील. आमच्याकडे खेकड्याने दुसऱ्याच पावसात कागद कुरतडला. शिवाय चिरेखाणीच्या कडा म्हणजे करवत, आधी मातीचा थर दिल्याशिवाय कागद टिकायचा नाही.

---

शेततळे_अनुभवी
३० मार्च, सकाळी ९.०५

मान्य, खाली माती किंवा जुनी पोती हवीतच. आणि एक महत्त्वाचं. कागदावर शेवाळं धरतं, पडलेला माणूस वर येऊ शकत नाही, पोहता येत असलं तरी. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडा आणि कुंपण करा. लहानपणी पोहायचो वगैरे लिहिलंय तुम्ही म्हणून मुद्दाम सांगतोय, कागद टाकल्यावर ते बंद.

---

आकडेमोड
३० मार्च, सकाळी ९.४०

आणि वर सावली करा. भरल्यावर १२ बाय १० मीटरचं तोंड असेल तर रोज ५ मिलिमीटरने ६०० लिटर उडतात. ऑक्टोबर मध्यापासून मार्च मध्यापर्यंत ९० हजार. बागेचा महिनाभराहून जास्तीचा खुराक.

---

वहाळकाठ
६ एप्रिल, रात्री ८.४५

मंडळी, शनिवारी गावी जाऊन आलो. तळीपासून ५०-६० पावलं खाली, बांधाच्या पलीकडे एक मोठं आळवाचं बेट आहे. आजूबाजूला सगळं गवत पिवळं आणि हे हिरवंगार. कुदळीने दोन फूट खणलं, पाणी झिरपायला लागलं. दोन गड्यांना लावून सहा फूट केलं, सिमेंटच्या चार रिंगा उतरवल्या, तळाला खडी. रात्रभरात ७०० लिटर जमलं, दिवसाला दोनदा उपसलं तर १२००-१३०० मिळतं. पाईपने सगळं पोफळीला आणि जायफळाला. माडांना आंघोळीचं आणि चार दिवसांतून एकदा विहिरीतलं उरलेलं. हापूसला काही नाही.

एक अडचण आहे. ते बेट चुलतकाकांच्या हद्दीत येतं.

---

घाटमाथ्यावरचा
६ एप्रिल, रात्री ८.५१

आता खरा धागा सुरू झाला.

---

काठीवाला
६ एप्रिल, रात्री ९.००

सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा आधी. सामायिक असेल तर गोष्ट वेगळी.

---

सुगरण_कोकणात
६ एप्रिल, रात्री ९.२०

सातबारा काढायच्या आधी काकांकडे चहाला जा. उतारा काढलेला कळला की चहा मिळत नाही.

---

भूगर्भ
६ एप्रिल, रात्री ९.४५

छान झालं. फक्त एक ध्यानात असू द्या, हे तुमच्याच तळीचं गळलेलं पाणी असेल तर तळी पूर्ण आटल्यावर झराही हळूहळू कमी होईल. रोजचं लिहून ठेवा. आणि तळीचा तळ बुजवताना विचार करा, पूर्ण गळती बंद केलीत तर काकांचं आळू वाळेल.

---

वहाळकाठ
११ मे, सकाळी १०.१०

उशिरा लिहितोय. झरा ७०० वरून ४०० वर आला एका रात्रीला, पण आटला नाही. पोफळी सगळ्या उभ्या आहेत, दोन जायफळांची पानं गळली, माडांची बोंडं बरीच पडली. तळी पूर्ण कोरडी झाल्यावर तळ साफ केला. मधोमध हात जाईल एवढ्या दोन भेगा होत्या जांभ्यात, बाबांनी त्यात टॉर्च मारून बघितलं. पोफळीत पसरलेली माती जेवढी खरवडता आली तेवढी परत आणली, बाकी पलीकडच्या चढावरून काढली. पाणी शिंपडून शेजारच्यांचे दोन बैल तीन दिवस फिरवले, वरून वीतभर साधी माती टाकली, नाहीतर उन्हाने तडे जातात असं पोफळी_५५ यांनी फोनवर सांगितलं. कागद यंदा नाही.

काकांशी बोलणं झालं. त्यांच्या १२ पोफळी त्याच पाईपवर घेतल्या, वीज बिल आमचं. लेखी काही नाही.

---

शेततळे_अनुभवी
११ मे, सकाळी १०.४०

लेखी करून घ्या.

---

पोफळी_५५
११ मे, सकाळी १०.५५

करू नका.

---

वहाळकाठ
११ मे, सकाळी ११.१५

अजून एक राहिलं. आई इतके दिवस गप्प होती. परवा रिंगांमध्ये पाणी बघून म्हणाली, इथे आपल्या म्हशी बसायच्या उन्हाळ्यात, उठता उठायच्या नाहीत. म्हटलं आधी का नाही सांगितलंस, तर म्हणे तुम्ही बोअरबद्दल बोलत होतात, म्हशींबद्दल कोणी विचारलं नाही.

---

मालवणी_खाजा
११ मे, सकाळी ११.२२

आवशीक धाग्यावर घेवा.

---

कुळागर
११ मे, दुपारी १.००

जायफळाची जी दोन गळलीत त्यांची फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवी असेल तर पावसात फुटतील. नाही फुटली तर माझ्याकडे कलमं आहेत, जूनमध्ये कोणी म्हापशाकडून येणारं असेल तर पाठवतो.